नऊ तुकड्यांचं चित्र: इब्राहिम अल-सलाही यांच्या कलेमागचा इतिहास

सुदानी चित्रकार इब्राहिम अल-सलाही यांचं ‘अटळ’ या अर्थाच्या नावाचं चित्र अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. काळ्या शाईतलं, भिंतभर पसरलेलं. आवळलेल्या मुठी, उंचावलेले हात, एकमेकांत गुंतलेली माणसं. चित्र १९८४-८५मधलं, म्हणजे जनतेच्या उठावाने सुदानचे लष्करी शासक गाफर निमेरी यांची राजवट कोसळली त्याच काळातलं. पण ते अखंड कागदावर नाही, नऊ तुकडे जोडून केलेलं आहे. त्या जोडांचं मूळ तुरुंगात आहे.

सलाही यांचा जन्म १९३०चा, नाईलकाठच्या ओमदुरमानमधला. वडील घरातच कुराणाची शाळा चालवत. मुलं लाकडी पाटीवर कुराणातली वचनं लिहून पाठ करायची आणि एक टप्पा पुरा झाला की पाटी नक्षीने सजवली जायची. सलाही यांचा हात पहिल्यांदा वळला तो या पाट्यांवर. पुढे खार्टूममध्ये शिक्षण झालं आणि १९५४ साली शिष्यवृत्ती घेऊन ते लंडनच्या स्लेड कलाशाळेत गेले. सुदान स्वतंत्र झाला १ जानेवारी १९५६ला, तेव्हा ते तिथेच होते.

१९५७मध्ये परतल्यावर त्यांनी खार्टूममध्ये चित्रं मांडली, पण लोकांना ती आपली वाटेनात. स्लेडमध्ये कमावलेलं सगळं कौशल्य गावच्या माणसांपुढे परकं ठरलं. एखादा लोकांच्या अडाणीपणावर बोट ठेवून मोकळा झाला असता. सलाही यांनी ब्रश खाली ठेवला आणि देशभर हिंडून लोक घरात काय सजवतात, काय कोरतात, काय विणतात ते पाहिलं. मग चित्रांच्या कोपऱ्यात अरबी अक्षरं आली. पुढे त्यांनी ती अक्षरं फोडली आणि वळणावळणांतून माणसं, पक्षी, लांबोडके मुखवटे बाहेर आले. सलाही आणि अहमद शिब्रैन, कमाला इशाक या चित्रकारांच्या मंडळीला ‘खार्टूम स्कूल’ म्हटलं जाऊ लागलं. आफ्रिकेतली आधुनिक चित्रकला म्हणजे युरोपची नक्कल, हा समज खोडायला एवढा एक अध्याय पुरेसा आहे, असं मला वाटतं.

लंडनच्या वकिलातीत काही वर्षं काढून ते सांस्कृतिक खात्यात मोठ्या पदावर मायदेशी आले. सप्टेंबर १९७५मध्ये निमेरींविरुद्ध बंडाचा प्रयत्न फसला आणि त्यानंतर सरकारविरोधी कारवायांच्या आरोपाखाली सलाही यांना पकडलं गेलं. खटला नाही, सुनावणी नाही. खार्टूमच्या कोबेर तुरुंगात सहा महिन्यांहून अधिक काळ गेला. लिहिण्या-काढण्याला सक्त बंदी होती आणि सापडल्यास एकांतकोठडी. तरी ते अंगणातल्या वाळूत रेघा ओढून पुसून टाकत. कागदाचे कपटे मिळवून त्यांवर चित्रं काढत आणि पहारेकऱ्याची चाहूल लागली की वाळूत पुरून ठेवत.

एवढ्याशा कपट्यावर पूर्ण चित्र मावत नाही. म्हणून एका कपट्यावर बी पेरल्यासारखा एक आकार काढायचा, त्याला दुसरा जोडायचा, मग तिसरा. शेवटी काय होणार, हे काढणाऱ्यालाही आधी माहीत नसायचं. सुटल्यावर हवा तेवढा कागद मिळत असतानाही त्यांनी हीच रीत ठेवली. ‘अटळ’मधले नऊ तुकडे याच रीतीतले. त्यांच्या चित्रांतल्या आशेबद्दल बरंच लिहिलं जातं, पण मला ती विषयापेक्षा या रीतीत जास्त दिसते. पुढचा कागद मिळेल, या भरवशावर पहिल्या कागदाची कड मोकळी सोडायची!

१९७७मध्ये ते कतारला गेले आणि १९९८पासून ऑक्सफर्डला राहू लागले. तिथे झाडांची मालिका फुलली. हराझ हे नाईलकाठचं, आपल्या बाभळीच्याच गोतातलं झाड. पावसाळ्यात सगळं रान हिरवं असताना ते पानं गाळतं आणि कडक कोरड्या हंगामात हिरवंगार होतं. सलाही यांना त्यात सुदानी माणसाचा चिवट, मानी स्वभाव दिसला. उभ्या पट्ट्यांचं, काटकोनांत मोडलेलं हे झाड ते वर्षानुवर्षं काढत राहिले. २०१३मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्यांच्या जीवनभराच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. एखाद्या आफ्रिकी चित्रकाराला तिथे मिळालेला तो पहिलाच असा मान. एवढा उशीर व्हायला नको होता.

उतारवयात पाठीच्या दुखण्याने मोठ्या कागदापुढे उभं राहणं जड झालं, तेव्हा खुर्चीत बसून ते औषधांच्या रिकाम्या खोक्यांच्या आतल्या बाजूवर आणि पाकिटांवर शाईने चित्रं काढू लागले. न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये २०२२ साली ही चित्रं लागली. त्यांतली काही निवडून त्यांनी मोठ्या कापडावर छापून घेतली आहेत आणि खोक्याच्या घड्या, कापलेल्या कडाही त्या कापडावर तशाच ठेवल्या आहेत.