अमेरिकेतील काउंटी जेलमध्ये असलेल्या आप्ताशी संपर्क: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेल्या मुलाला अटक झाल्याचा निरोप घरी येतो, तेव्हा पुण्या-नाशिकातल्या आईवडिलांना पहिला प्रश्न पडतो तो त्याच्याशी बोलायचे कसे हा. अटकेनंतर त्या व्यक्तीला बहुधा काउंटी जेलमध्ये ठेवले जाते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, आणि तेथील जेल सहसा शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखाच्या, कार्यालयाच्या ताब्यात असते. ज्यांचा खटला अजून चालू आहे असे कच्चे कैदी आणि साधारण एक वर्षापर्यंतची शिक्षा झालेले कैदी तेथे असतात. मोठी शिक्षा झालेल्यांची रवानगी सहसा राज्याच्या तुरुंगात होते आणि तेथील नियम वेगळे आहेत. काउंटीगणिकही नियम बदलतात. म्हणून येथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या कॅलिफोर्नियाचे उदाहरण धरले आहे. इतर राज्यांतील वाचकांनी आपल्या शेरीफच्या संकेतस्थळावरील नियम पाहावेत.

सर्वप्रथम बुकिंग नंबर मिळवावा. जेलमध्ये नोंद होताना हा क्रमांक दिला जातो आणि फोन, पत्र, पैसे, भेट, जामीन यांपैकी जवळजवळ प्रत्येक कामाला तो लागतो. बहुतेक शेरीफ कार्यालयांच्या संकेतस्थळावर कैद्याचा शोध घेण्याची सोय असते. तेथे पासपोर्टवरील पूर्ण नाव आणि जन्मतारीख टाकावी. आपल्याकडे वडिलांचे नाव मधले नाव म्हणून लिहिण्याची पद्धत असल्याने नोंदीत आडनाव आणि मधले नाव यांची अदलाबदल झालेली असू शकते, म्हणून दोन्ही प्रकारे शोधून पाहावे. नोंद पूर्ण व्हायला काही तास लागतात. तोवर नाव न दिसल्यास घाबरून जाऊ नये.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अटक झालेल्या व्यक्तीला, प्रत्यक्ष अशक्य नसेल तर, तीन तासांच्या आत तीन फोन करण्याचा हक्क आहे, आणि लहान मुलांचा सांभाळ तिच्याकडे असेल तर मुलांच्या सोयीसाठी आणखी दोन. हे सुरुवातीचे फोन संपले की पुढे फोन नेहमी आतून बाहेर येतो. बाहेरून जेलमध्ये लावलेला फोन कैद्यापर्यंत जोडून दिला जात नाही. येणारा फोन ध्वनिमुद्रित सूचनेने सुरू होतो आणि तो स्वीकारण्यासाठी सांगितलेले बटण दाबावे लागते. अनोळखी नंबर आणि यांत्रिक आवाज ऐकून अनेक जण तो फसवणुकीचा फोन समजून बंद करतात, म्हणून घरातल्या सर्वांना याची आधीच कल्पना द्यावी. फोनसेवा खासगी कंपनीमार्फत चालते आणि तिच्याकडे आगाऊ पैसे भरून खाते उघडावे लागते. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या काउंट्यांनी कैद्यांचे फोन मोफत केले आहेत. इतरत्र सहसा दर आकारले जातात. मात्र जानेवारी 2023 मध्ये स्वाक्षरी झालेल्या मार्था राइट-रीड कायद्यामुळे संघराज्याच्या दळणवळण आयोगाला राज्यांतर्गत फोन आणि व्हिडिओ कॉल यांच्या दरांवरही मर्यादा घालण्याचा स्पष्ट अधिकार मिळाला आहे.

येथे मराठी कुटुंबांकडून एक चूक फार सहज होते, आणि ती कळवळ्यापोटी होते. अमेरिकेतला मामा किंवा मित्र जेलमधून आलेला फोन उचलतो आणि आईला मुलाचा आवाज ऐकवावा म्हणून दुसऱ्या बाजूने भारतातला नंबर जोडतो. असे तिघांचे बोलणे आणि फोन दुसरीकडे वळवणे जेलच्या नियमांत सहसा निषिद्ध असते. यंत्रणेने ते ओळखले की फोन तुटतो, आणि तो नंबर बंद होऊ शकतो किंवा कैद्याची फोनची सवलत काढून घेतली जाऊ शकते. भारतात थेट फोन लावता येतो का, हे त्या जेलच्या सेवा कंपनीला विचारून घ्यावे. ती सोय नसेल तर अमेरिकेत राहणाऱ्या एकाच विश्वासू व्यक्तीने सर्व फोन घ्यावेत आणि निरोप दोन्हीकडे पोहोचवावेत, हीच व्यवस्था टिकते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. वकिलाशी होणारे बोलणे सोडले, तर जेलमधील फोन ध्वनिमुद्रित होतात आणि ते मुद्रण सरकारी वकिलाला मिळू शकते. मराठीत बोललो म्हणजे कोणाला कळणार नाही, हा समज पूर्णतः चुकीचा आहे, कारण दुभाष्याकडून मजकुराचे भाषांतर करून घेता येते. "नक्की काय झालं रे?" हा प्रश्न आईच्या ओठांवर येणे अगदी स्वाभाविक आहे, पण त्याचे उत्तर खटल्यात पुरावा ठरू शकते. तब्येत, जेवण, झोप, घरची खुशाली यांवर बोलावे आणि घटनेबद्दलचा शब्दही वकिलासाठी राखून ठेवावा. वकील करण्याची ऐपत नसेल तर फौजदारी खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्यासाठी अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. आरोपी व्हिसावर असेल तर गुन्हा कबूल केल्यास हद्दपारीचा धोका आहे का, याचा सल्ला देणे हे त्या वकिलाचे कर्तव्य असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले आहे.

प्रत्यक्ष भेटीसाठी भेटणाऱ्याकडे छायाचित्र असलेले वैध सरकारी ओळखपत्र हवे. भारतातून आलेल्या आईवडिलांनी मूळ पासपोर्ट न्यावा. अल्पवयीन भावंडांसोबत पालक असावा लागतो आणि त्यांचा जन्मदाखलाही मागितला जाऊ शकतो. बहुतेक ठिकाणी वेळ आधी ऑनलाइन ठरवावी लागते. कॅलिफोर्नियाच्या किमान मानकांनुसार कैद्याला आठवड्यातून एकूण निदान एक तास भेट मिळायला हवी. ती अनेकदा काचेपलीकडून किंवा व्हिडिओच्या पडद्यावर होते, त्यामुळे मिठी मारता येईल अशी आशा धरून जाऊ नये. पेहरावाचे नियम कडक असतात आणि मोबाइल आत नेता येत नाही.

पत्रावर कैद्याचे पूर्ण नाव, बुकिंग नंबर आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लिहावा. साधा कागद आणि निळी किंवा काळी शाई वापरावी. स्टेपलची पिन, चिकटचित्रे, अत्तर, अंगाऱ्याची पुडी यांपैकी काहीही घालू नये, नाहीतर पत्र परत येते. पत्र उघडून तपासले जाते. पुस्तके सहसा प्रकाशकाकडून किंवा विक्रेत्याकडून थेट पाठवलेलीच घेतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत अशा कैद्याला कॅलिफोर्नियात आठवड्याला निदान दोन पत्रे टपालखर्चाविना घरी पाठवता येतात.

डबा किंवा औषधे घेऊन जेलच्या दाराशी जाण्याची सोय तेथे सहसा नसते. मधुमेह, दमा, मानसिक आजार असे काही असेल, तर औषधांची नावे, मात्रा आणि डॉक्टरांचा तपशील जेलच्या वैद्यकीय विभागाला ताबडतोब लेखी कळवावा. कुटुंबाला परत माहिती देण्यावर गोपनीयतेचे बंधन असले, तरी कुटुंबाने दिलेली माहिती त्यांना घेता येते.

भारतीय नागरिकासाठी आणखी एक मार्ग खुला आहे. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमानुसार परदेशी नागरिकाला त्याच्या दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे. परंतु ज्या देशांच्या दूतावासाला अमेरिकेने आपणहून कळवणे बंधनकारक आहे, त्या यादीत भारत नाही. कैद्याने स्वतः मागणी करावी लागते. पहिल्याच फोनवर त्याला हे सांगावे. कुटुंबाने त्या राज्याचे कार्यक्षेत्र असलेल्या भारतीय वाणिज्य दूतावासाला पासपोर्टची प्रत, बुकिंग नंबर, जेलचे नाव आणि नाते दाखवणारा कागद पाठवावा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. आर्थिक स्थिती पाहून गरजू नागरिकांना भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर साहाय्य मिळू शकते.

जेलच्या यादीतून नाव अचानक नाहीसे झाले, तर सुटका झाली असे लगेच गृहीत धरू नये. व्हिसावरील व्यक्तीचा ताबा इमिग्रेशन विभागाकडे गेलेला असू शकतो. त्या विभागाचा स्वतंत्र ऑनलाइन शोध आहे. तेथे इमिग्रेशन विभागाने त्या व्यक्तीला दिलेला, 'ए' ने सुरू होणारा क्रमांक आणि जन्मदेश, किंवा नाव आणि जन्मदेश टाकून शोधावे, आणि त्याच दिवशी वकिलाला कळवावे.