ओव्हनची कॉइल जळते म्हणजे नक्की काय होतं?

ओटीजीची (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे कॉइलवर चालणारा घरगुती ओव्हन) खालची रॉड तापेनाशी झाली की रिपेअरवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं: "व्होल्टेज जास्त आलं, कॉइल उडाली, याचे पार्ट आता मिळत नाहीत, नवीनच घ्या." आमच्याकडेही एकजण हेच ऐकवून गेला, वर शेजारच्या काकूंनी भर घातली की शनिवारी घरात आणलेलं लोखंड लाभत नाही. काकूंचं मानलं तर बाकीच्या सहा वारी आणलेले ओव्हन अमर असायला हवेत, त्यांचीही बॉडी लोखंडी पत्र्याचीच असते, त्यामुळे तो विषय तिथेच सोडू. रिपेअरवाल्याचं बोलणं मात्र तपासून बघण्यासारखं आहे. पार्ट बहुतेक वेळा मिळतो, ओव्हन नवीन घ्यावा लागत नाही, आणि कॉइल एका झटक्यात उडते हे तर मला अजिबातच पटत नाही. ती पहिल्या दिवसापासून हळूहळू मरत असते, आपल्याला फक्त शेवटचा दिवस दिसतो.

आधी हे लक्षात घ्या की आपल्याला जी रॉड दिसते ती कॉइल नव्हेच. ती बाहेरची स्टीलची नळी. खरी कॉइल नळीच्या आत मधोमध असते, साधारण ०.३ मिलिमीटर जाडीच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी, आणि तार व नळी यांच्या मधल्या जागेत मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पावडर ठासून भरलेली. वीज तारेतून जाते, उष्णता पावडरीतून नळीला आणि नळीतून केकला.

तार बनते निक्रोमची. ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम. अल्बर्ट मार्श नावाच्या अमेरिकन धातुतज्ज्ञाला १९०६ साली याचं पेटंट मिळालं आणि पुढच्या तीन-चार वर्षांत विजेचे टोस्टर बाजारात आले, हा काही योगायोग नाही. त्याआधी तापवायच्या तारेसाठी एक तर प्लॅटिनम वापरा म्हणजे दिवाळं निघणार, नाहीतर लोखंड वापरा म्हणजे तार थोड्याच दिवसांत खलास.

निक्रोमच का, याचं शाळेतलं उत्तर म्हणजे त्याचा विद्युत रोध जास्त आहे. बरोबरच आहे ते, तांब्याच्या साठेक पट आहे. ६०० वॅटच्या रॉडला २३० व्होल्टवर ८८ ओहम रोध लागतो. निक्रोमची ०.३ मिलिमीटरची तार साडेपाच मीटर घेतली की तेवढा मिळतो, तांब्याची तेवढ्याच जाडीची तार घेतली तर साडेतीनशे मीटरच्या वर लागेल, ती ओव्हनमध्ये कोंबणार कुठे? पण नुसता रोध हवा असता तर मार्शच्या आधीही जर्मन सिल्व्हरसारखे (तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण) मिश्रधातू होतेच की. खरी अडचण रोधाची नव्हतीच, ती होती हवेची. लालबुंद तापलेल्या धातूला हवेतला ऑक्सिजन खातो. आणि निक्रोमची गंमत अशी की तोही गंजतो, फक्त तो शहाण्यासारखा गंजतो.

तार पहिल्यांदा तापली की पृष्ठभागावरच्या क्रोमियमचा ऑक्सिजनशी संयोग होऊन क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. जखमेवर खपली धरते ना, अगदी तसा, आणि एकदा हा थर बसला की आतल्या धातूला हवा भेटतच नाही. आणखी गंजायचं असेल तर क्रोमियमच्या अणूंना त्या थराच्या स्फटिकातून वाट काढत बाहेर यावं लागतं, आणि क्रोमियम ऑक्साइडच्या जाळीत रिकाम्या जागा इतक्या कमी असतात की ती वाट फार खडतर आहे. थर जितका जाड तितकी वाट लांब, म्हणून थराची वाढ आपोआप मंदावत जाते, जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ, तिप्पट व्हायला नऊपट. कार्ल वॅग्नर या जर्मन शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये याचं गणित मांडलं. लोखंडाचं उलट आहे. ५७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंडावर ऑक्साइडचा जो प्रकार तयार होतो त्याच्या जाळीत इतकी भोकं असतात की लोखंडाचे अणू मजेत ये-जा करतात आणि तार भराभर खपते. ओव्हनची रॉड अंधारात लालसर दिसतेय म्हणजे ती नक्की ५२५ अंशांच्या वर आहे (कुठलीही घन वस्तू साधारण याच तापमानाला दिसण्याइतकी लाल व्हायला लागते, हे जॉन ड्रेपर या शास्त्रज्ञाने १८४७ मध्येच दाखवलं होतं), आणि आतली तार तर नळीपेक्षाही गरम असते. म्हणजे लोखंडाचं काही खरं नाही.

मग इतकं चांगलं कवच असताना निक्रोम मरतो कशाने? थंड होण्याने! तापल्यावर धातू आणि ऑक्साइड दोन्ही प्रसरण पावतात पण धातू जास्त, ऑक्साइड कमी. बटण बंद केलं की धातू जास्त आकसतो, वरचा थर तेवढा आकसू शकत नाही, तो दाबला जातो, त्याला तडे जातात आणि कुठेतरी खपली निघते. पुढच्या वेळी तार तापली की त्या उघड्या जागी खालचं क्रोमियम खर्च होऊन नवा थर बनतो. हे असं शेकडो वेळा, हजारो वेळा. दर वेळी त्या जागचं क्रोमियम थोडं कमी होतं आणि मग एक वेळ अशी येते की थर नीट भरून येण्याइतकं क्रोमियम उरतच नाही, निकेलही गंजायला लागतं, आणि तार त्या ठिकाणी बारीक व्हायला लागते. आणि चालू-बंद म्हणजे फक्त आपण केलेलं नव्हे हं, थर्मोस्टॅट तापमान राखायला दर थोड्या मिनिटांनी रॉड बंद-चालू करतच असतो, तुम्हाला ती टिकटिक ऐकू येत असेल. तारेचं आयुष्य मोजायच्या प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीतही तार सलग तापवत ठेवत नाहीत, दोन मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद असं तुटेपर्यंत करतात. आता चांगल्या तारेत इट्रियम, सिरियम असली मूलद्रव्यं अगदी चिमूटभर घालतात, का तर ऑक्साइडचा थर धातूला घट्ट चिकटून राहावा म्हणून.

आता माझा आवडता भाग, थोडं गणित आहे, नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद ओलांडून जावं.

समजा तार एका जागी १० टक्के बारीक झाली. जाडी ०.९ पट म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ ०.८१ पट, म्हणून त्या जागचा रोध १.२३ पट. करंट मात्र सगळ्या तारेत एकच, कारण साडेपाच मीटरमधल्या एका सेंटिमीटरचा रोध वाढला तर एकूण रोधात काही फरक पडत नाही. उष्णता करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे त्या जागी २३ टक्के जास्त उष्णता. वर ती बाहेर टाकायला पृष्ठभाग १० टक्के कमी, म्हणून प्रत्येक चौरस मिलिमीटरवरचा बोजा १.३७ पट! थोडक्यात हा बोजा जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो. उघडी तार सगळी उष्णता प्रारणाने टाकते असं धरलं तर प्रारण निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) चौथ्या घातावर, १.३७ चं चौथं मूळ साधारण १.०८, म्हणजे बाकीची तार ८२७ अंशांवर असेल तर हा बारीक तुकडा ९१५ च्या पुढे. नळीतल्या तारेत उष्णता पावडरीतून वाहते म्हणून आकडे वेगळे येतील पण दिशा तीच. आणि गंजण्याचा वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो. बारीक म्हणून गरम, गरम म्हणून जास्त गंजणार, जास्त गंजणार म्हणून आणखी बारीक. सुरुवातीला हे चक्र वर्षानुवर्षं रेंगाळतं, शेवटी शेवटी मात्र काही मिनिटांत तापमान १४०० अंशांपर्यंत चढतं आणि तार वितळून तुटते.

म्हणजे जास्त व्होल्टेजचा काहीच दोष नाही का? आहे थोडा. २३० च्या जागी २५० व्होल्ट आले तर वॅट १८ टक्के वाढतात, सगळंच जरा जास्त गरम होतं आणि आयुष्य कमी होतं. पण ज्या दिवशी कॉइल तुटली त्या दिवशीच्या व्होल्टेजवर खापर फोडण्यात अर्थ नाही.

जुन्या हॉस्टेलवाल्यांना उघड्या कॉइलची शेगडी आठवत असेल. कॉइल तुटली की दोन टोकं पिळून जोडायची, शेगडी पुन्हा चालू, आणि तीन-चार दिवसांनी त्याच जागी पुन्हा तुटणार. कारण वरच्या हिशोबात आलंच, पिळलेल्या जोडात स्पर्श नीट नसतो, मध्ये ऑक्साइड असतं, म्हणजे आपण स्वतःच्या हाताने तिथे गरम जागा बनवली. शिवाय जळकी टोकं कापून कॉइल आखूड केली की रोध कमी होतो आणि वॅट वाढतात, १००० वॅटच्या कॉइलचा दहावा हिस्सा कापला तर ती ११११ वॅटची होते. नळीतल्या कॉइलला तर जोडायचा प्रश्नच येत नाही, रॉडच बदलायची.

(जाता जाता, ऑनलाइन ते प्लगमध्ये खोचायचे 'पॉवर सेव्हर' डबे विकतात ना, ओव्हन-गिझरचं बिल चाळीस टक्के कमी म्हणून, त्यात एक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) आणि एक हिरवा दिवा असतो. हीटिंग कॉइल हा शुद्ध रोध आहे, त्याचा पॉवर फॅक्टर (आलेल्या विजेतली खरोखर कामी येणारी किती, ते प्रमाण) मुळातच १ असतो, सुधारायला काही शिल्लकच नाही. दिव्याला लागेल तेवढी वीज मात्र जास्त जाईल.)

आता रॉड बदलायचं. हे फक्त ओटीजीबद्दल, मायक्रोवेव्ह कृपा करून उघडू नका, त्यातल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही काही काळ दोनेक हजार व्होल्ट असू शकतात. ओटीजीचा प्लग सॉकेटमधून बाहेर काढून समोर दिसेल असा ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही कारण जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी स्विच न्यूट्रलवर टाकलेला सापडतो. पूर्ण थंड होऊ द्या, बाजूचा आणि मागचा पत्रा काढा आणि कुठल्याही वायरला हात लावायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा. रॉडची एका बाजूची वायर सुटी करून मल्टिमीटर ओहमवर लावा. ६०० वॅट २३० व्होल्टची धडधाकट रॉड ८८ च्या आसपास दाखवेल, थोडं इकडेतिकडे चालतं, तुटलेली काहीच दाखवणार नाही. थंड रॉड मोजून गरम रॉडचा हिशोब लागतो ही निक्रोमचीच कृपा, तापल्यावर त्याचा रोध फक्त काही टक्के वाढतो. जुन्या पिवळ्या बल्बच्या टंगस्टनचा थंड रोध गरम रोधाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी असतो, तिथे हा हिशोब सपशेल फसतो. रॉड ठीक निघाली तर थर्मोस्टॅट, सिलेक्टर स्विच किंवा जळलेलं टोक बघा.

नवीन रॉड घेताना जुनी बरोबर न्या आणि लांबीइतकंच लक्ष व्होल्टकडे द्या. काही ओटीजीत दोन रॉड सिरीजमध्ये असतात, प्रत्येकीवर ११५ व्होल्ट ३०० वॅट असं लिहिलेलं असतं, एक गेली की दोन्ही बंद. दुकानदाराने २३० व्होल्टच्या ३०० वॅटच्या दोन दिल्या तर दोन्ही मिळून ६०० च्या जागी जेमतेम १५० वॅट मिळतील आणि नानकटाई कच्ची राहील. उलट ११५ ची एकटी रॉड सरळ २३० वर टाकली तर चौपट वॅट, ती फार वेळ टिकणार नाही.

जोडणी सोल्डरने करू नका, साधं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. स्क्रू किंवा दाबून बसवलेला लग (वायरच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा), तोही घट्ट, कारण ढिला जोड म्हणजे पुन्हा तीच गरम जागा. आतली वायर फायबरग्लासच्या किंवा सिलिकॉनच्या आवरणाचीच हवी, घरगुती वायरिंगची पीव्हीसी वायर तिथे मऊ पडेल. आणि हिरवी अर्थची वायर होती तिथेच परत बसली पाहिजे.

ही अर्थ का महत्त्वाची ते त्या पांढऱ्या पावडरीमुळे. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन नाहीत म्हणून वीज जात नाही, पण उष्णता अणूंच्या थरथरण्यातून छान पुढे सरकते. हे दोन्ही गुण एकत्र असलेले स्वस्त पदार्थ थोडेच. फक्त त्याला दमट हवा सोसत नाही. मुंबई-कोकण-गोव्यात पावसाळाभर बंद पडलेला ओव्हन सुरू केला की घरातली आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडते ती बऱ्याचदा यामुळे, रॉडच्या टोकांतून आत ओल शिरलेली असते आणि थोडी वीज नळीकडे गळते. अशा वेळी लोक काय करतात तर प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात किंवा टू-पिन अडॅप्टर लावतात. यापेक्षा वाईट उपाय नाही, कारण मग ती गळणारी वीज ओव्हनच्या पत्र्यावर वाट बघत बसते. रॉड इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (जास्त व्होल्टेज लावून गळती मोजणारं यंत्र) तपासून घ्या, साधा मल्टिमीटर बॅटरीवर चालतो, त्याला ही गळती कळतेच असं नाही.

नवीन रॉड बसल्यावर ओव्हन पंधरा-वीस मिनिटं रिकामा चालवा, खिडकी उघडी ठेवून, कारखान्यातलं तेल जळून थोडा धूर येतो, घाबरू नका. आणि जुनी रॉड भंगारवाल्याला द्यायच्या आधी हॅकसॉने कापून बघाच, मास्क आणि चष्मा लावून. पावडर झटकली की स्प्रिंग दिसेल, तुटल्या जागी टोकांवर वितळून झालेले गोळे सापडतील, आणि जवळपास हिरवट छटा दिसली तर ते क्रोमियम ऑक्साइड, तो मुळात हिरव्या रंगाचाच असतो. निकेल आहे म्हणून भंगारवाला जादा भाव देईल असं मात्र समजू नका, अख्ख्या रॉडमध्ये तार भरते तीन-चार ग्रॅम.