पोर्ता पिया आणि पोर्ता देल पोपोलो: कोणत्या वेशीची कोणती बाजू रेनेसाँची?

रोमच्या या दोन वेशींची गल्लत सहज होते. दोन्ही पोप पायस चौथे यांच्या काळातल्या, दोन्हींचं काम 1561–62च्या सुमारास सुरू झालेलं, दोन्ही जुन्या ऑरेलियन तटात, म्हणजे प्राचीन रोमन काळातल्या शहराच्या तटबंदीत. खुणेची गोष्ट एकच: तुम्ही तटाच्या आत उभे आहात की बाहेर?

पोर्ता पियाची खरी, रेनेसाँची बाजू आतली, शहराकडची. पोपनी क्विरिनाल टेकडीवरून दीड किलोमीटरहून लांब सरळ रस्ता काढला आणि त्याच्या टोकाला नजर ठरेल असं काहीतरी हवं होतं. हे काम त्यांनी ऐंशी ओलांडलेल्या मायकेलँजेलोला दिलं. जवळ जाऊन दाराचा माथा पाहा. उघडीप गोल नाही. वरचे दोन्ही कोपरे तिरपे छाटलेले आहेत. त्यावर मोठा त्रिकोण आणि त्याच्या पोटात मधोमध तुटलेली कमान. भिंत विटांची, चौकटी ट्रॅव्हर्टिन दगडाच्या. वास्तुकलेचे नियम माहीत असलेल्या माणसानेच ते असे मोडावेत! बाहेरची बाजू मात्र 1860च्या दशकाअखेरीची, वास्तुकार व्हिर्जिनिओ व्हेस्पिन्यानीची. तिच्यासमोर उभं राहून मायकेलँजेलोला दाद देणारे बरेच भेटतात.

20 सप्टेंबर 1870 रोजी इटलीचं सैन्य पोपच्या ताब्यातल्या रोममध्ये ‘पोर्ता पियातून’ शिरलं असं सर्रास लिहितात. प्रत्यक्षात तोफांनी खिंडार पाडलं ते वेशीशेजारच्या तटाला, आणि सैन्य तिथून आत आलं.

पोर्ता देल पोपोलोचं नेमकं उलट आहे. उत्तरेकडून फ्लामिनिया रस्त्याने येणाऱ्या प्रवाशाला रोम पहिल्यांदा इथेच दिसे, म्हणून 16व्या शतकातला थाट बाहेरच्या अंगाला आहे. तो वास्तुकार नान्नी दी बाच्चो बिजोचा: प्राचीन विजयकमानीसारखी रचना, कमानीच्या दोन्ही बाजूंना खांबांची एकेक जोडी. हे चारही खांब जुन्या सेंट पीटर्स चर्चमधून आणलेले. खांबांमधले पीटर आणि पॉल यांचे पुतळे नंतरचे, फ्रांचेस्को मोकीने घडवलेले. आतली, चौकाकडची बाजू बर्निनीने 1655 मध्ये स्वीडनच्या राणी क्रिस्टिनाच्या स्वागतासाठी सजवली. म्हणजे ती रेनेसाँनंतरच्या बरोक शैलीची.

बाजूच्या दोन कमानी मूळच्या नव्हेत. तिथे बुरूज होते. ते पाडून 19व्या शतकाच्या अखेरीस वाहतुकीसाठी त्या उघडल्या. नान्नीची वेस समजून घ्यायची तर फक्त मधली कमान धरा.