पुनर्जनन, जेलीफिशच्या पॉलिपमधील

जेलीफिश व त्याच्या जवळच्या आंतरगुही प्राण्यांच्या पॉलिप (बहुशुंडक) अवस्थेत तुटलेला भाग, किंवा एखाद्या तुकड्यापासून संपूर्ण शरीर, पुन्हा घडण्याची प्रक्रिया. पॉलिप खडकाला किंवा शिंपल्याला चिकटून राहतो. मोकळ्या टोकाला तोंड व त्याभोवती संस्पर्शक (भक्ष्य पकडणाऱ्या शुंडा) असतात. हे टोक खुडले गेले तरी बुंधा जगतो. तोंडाकडच्या जखमेवर सामान्यतः तोंडच उगवते.

या विषयाचा पाया जेलीफिशवर नव्हे, तर छत्रिक (छत्रीच्या आकाराची, पोहणारी जेलीफिश) अवस्थाच नसलेल्या, गोड्या पाण्यातील हायड्रावर घातला गेला. आब्राम ट्रॅम्ब्ले यांनी हॉलंडमध्ये केलेले हायड्राचे प्रयोग १७४४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे टॉमस हंट मॉर्गन यांनी १९०१ च्या सुमारास पुनर्जननाचे दोन प्रकार मानले : पेशी नव्याने वाढून होणारे एपिमॉर्फॉसिस आणि असलेल्याच ऊतकाची फेरमांडणी होऊन होणारे मॉर्फॅलॅक्सिस. हायड्रा दुसऱ्या प्रकारात गेला, कारण पेशीविभाजन रोखले तरी त्याला डोके फुटते. हाच निष्कर्ष दीर्घकाळ इतर पॉलिपांनाही लावला गेला. आजचा पुरावा पाहता तो सरसकट लावणे योग्य ठरत नाही. खुद्द हायड्रातही शरीर मध्यावर कापल्यास जखमेजवळच्या काही पेशी मरतात व त्यांच्या संकेतांनी शेजारच्या पेशींचे विभाजन वाढते, असे २००९ मध्ये दिसून आले.

हायड्रॅक्टिनिया या समुद्री प्रजातीत चित्र आणखी वेगळे आहे. तिच्या वसाहती संन्यासी खेकड्याच्या शंखावर वाढतात. डोके कापल्यावर जखम आकुंचन पावून मिटते, टोकाशी विभाजन पावणाऱ्या पेशींचा पुंजका (ब्लास्टेमा) जमतो आणि दोन-तीन दिवसांत संस्पर्शकांसह डोके तयार होते. देहाच्या खालच्या पट्ट्यातील अंतराली पेशी, म्हणजे या प्राण्याच्या मूलपेशी, जखमेकडे सरकतात. विभाजन रोखल्यास किंवा या पेशी नष्ट केल्यास डोके येत नाही (२०१५). हे एपिमॉर्फॉसिसच म्हणावे लागेल.

मूलपेशी मुळातच नसलेला तुकडा मात्र काय करतो? तोंडालगतच्या शंकूत त्या नसतात. तरी तो वेगळा कापला असता काही शंकूंपासून पूर्ण पॉलिप होतो. २०२३ मधील संशोधनानुसार तेथील काही पेशी आधी वार्धक्यावस्थेत (विभाजन कायमचे थांबलेल्या स्थितीत) जातात, त्यांच्या संकेतांनी शेजारच्या प्रौढ पेशी पुन्हा मूलपेशी बनतात आणि वार्धक्य आलेल्या पेशी शेवटी शरीराबाहेर टाकल्या जातात. प्रौढ पेशीचा व्यवसाय बदलू शकतो, हे मत त्यामुळे बळकट झाले. ते येथे अधिक ग्राह्य धरले आहे. परंतु हायड्रॅक्टिनियालाही मुक्त पोहणारी छत्रिक अवस्था नाही, हे ध्यानात ठेवावे.

खऱ्या जेलीफिशपैकी ऑरेलियाच्या पॉलिपवर त्या मानाने कमी काम झाले आहे. काही मिलिमीटर उंचीच्या या पॉलिपच्या केवळ बाह्यस्तराच्या तुकड्यांपासूनही पूर्ण पॉलिप होतात, असे १९६३ मध्ये नोंदले गेले. हायड्रातल्यासारख्या अंतराली पेशी खऱ्या जेलीफिशांच्या वर्गात आढळत नाहीत. पॉलिपपासून सुटलेले एफायरा हे पिल्लू कापलेले बाहू सहसा परत उगवत नाही. उरलेले बाहू सरकवून शरीराची सममिती परत साधते (२०१५).

भारतात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्राच्या ‘इंड-पुणे’ या स्थानिक वाणावर काम झाले आहे.