मुंबई दूरदर्शन : वरळीच्या मनोऱ्यापासून ‘सह्याद्री’पर्यंत

‘सह्याद्री’ वाहिनीचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक जुन्या आठवणींचा, दुसरा ‘आता ते कोण बघतं?’ असा. दोन्ही सुरांत एक गोष्ट निसटते. ही वाहिनी सुरुवातीला राज्याची नव्हती, आणि उपग्रहावर तर नव्हतीच. ती एका शहराची होती. वरळीच्या मनोऱ्यावरून जिथवर लहरी पोचत, तिथवर तिचा मुलूख. तिचे गुण त्या मर्यादेतून आले आणि तिची पुढची फरफट ती मर्यादा ज्या पद्धतीने ओलांडली गेली त्यातून झाली, असे माझे मत आहे.

भारतात दूरचित्रवाणी आली १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत, आकाशवाणीचा एक प्रयोग म्हणून. पुढची तेरा वर्षे ती दिल्लीबाहेर पडलीच नाही. अन्नधान्याची टंचाई आणि परकीय चलनाची चणचण असलेल्या देशात चित्रवाणी ही चैन आहे, असे मानणारे सरकारातच पुष्कळ होते. विक्रम साराभाई नेमके उलटे सांगत होते. शहरे टप्प्याटप्प्याने जोडत बसण्यापेक्षा उपग्रहाच्या मदतीने थेट खेड्यात पोचा, शेती, आरोग्य आणि शिक्षण यांसाठी हे माध्यम वापरा, असा त्यांचा आग्रह होता. १९६९ साली अमेरिकेच्या ‘नासा’शी त्यासाठी करारही झाला. पण डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई गेले, आणि उपग्रहाचा प्रयोग प्रत्यक्षात येण्याआधीच दुसऱ्या केंद्राचा मान मुंबईला मिळाला.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. दूरदर्शन हे स्वतंत्र खाते तेव्हा नव्हते, केंद्र आकाशवाणीच्याच अखत्यारीत होते. चित्र कृष्णधवल, प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास. संच विकत घेणे महाग होतेच, वर तो घरात ठेवण्यासाठी पोस्टात वार्षिक शुल्क भरून परवाना काढावा लागे. ही परवाना पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रद्द झाली. त्यामुळे पहिली काही वर्षे टीव्ही ही घराची नव्हे, मजल्याची किंवा चाळीची वस्तू होती. ज्याच्याकडे संच, त्याच्या दारात चपलांचा ढीग.

दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. वरळीचा मनोरा सुमारे ३०० मीटर उंच, तरी सह्याद्रीच्या रांगेपलीकडचे पुणे त्याला दिसत नव्हते. म्हणून १९७३ साली सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र उभारले गेले. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर, त्यामुळे मुंबईचे चित्र तिथे पकडून पुण्याकडे सोडता येई. मुंबई आणि पुणे ही मराठी नाटक, संगीत आणि साहित्याची दोन मोठी शहरे अशी एका पडद्याला जोडली गेली. हा निर्णय तांत्रिक होता, पण कार्यक्रमांच्या चेहऱ्यावर त्याचा जेवढा परिणाम झाला तेवढा फार थोड्या धोरणांचा झाला असेल.

केंद्रात काम करायला आलेले लोक कुठून आले हेही पाहायला हवे. दूरचित्रवाणीचे तयार तंत्रज्ञ किंवा निर्माते देशात नव्हतेच. प्रशिक्षणाची सोय १९७१ मध्ये दिल्लीत झाली आणि १९७४ मध्ये ती पुण्याच्या चित्रपट संस्थेत हलवली गेली. तोवर माणसे आली ती आकाशवाणीतून, रंगभूमीवरून, महाविद्यालयांतून. विनायक चासकर, विजया जोगळेकर-धुमाळे, सुहासिनी मुळगावकर, अरुण काकतकर, आकाशानंद, याकूब सईद ही नावे त्या काळच्या प्रेक्षकांना नटांइतकीच परिचयाची होती. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांना मराठी घरांनी आधी ओळखले ते याच केंद्राच्या पडद्यावर, बातम्या वाचताना. अनंत भावे, प्रदीप भिडे, चारुशीला पटवर्धन, विश्वास मेहेंदळे यांच्या वाचनाने बातमीपत्राच्या मराठीला एक घडण दिली. शब्द स्वच्छ, आवाज चढा नाही, आणि बातमीपेक्षा वाचणारा मोठा नाही. आज ओरडून वाचलेल्या बातम्या ऐकताना त्या शिस्तीची किंमत कळते.

कार्यक्रमांची यादी करत बसण्यात अर्थ नाही, पण त्यातला पल्ला लक्षात घेण्याजोगा आहे. ‘आमची माती, आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी, ‘कामगार विश्व’ गिरण्या-कारखान्यांतल्या प्रेक्षकांसाठी, ‘किलबिल’ मुलांसाठी, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ साहित्यिक-कलावंतांच्या भेटींसाठी, ‘शब्दांच्या पलीकडले’ भावगीतांसाठी. ‘गजरा’ने छोट्या विनोदी प्रवेशांचा असा साचा घडवला की रंगभूमीवरच्या कितीतरी नटांना त्यातून घरोघर ओळख मिळाली. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून केलेल्या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, आणि पुस्तकातली ती जोडी पुढे लोकांना याच चेहऱ्यांनी आठवू लागली. शहराची वस्ती बहुभाषिक, म्हणून हिंदी, गुजराती आणि इंग्रजी कार्यक्रमही असत. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ आणि ‘छायागीत’ हे मुंबईचेच. हिंदी चित्रपटसृष्टी दारात असल्याने पाहुण्यांची वानवा नव्हती.

यांतल्या ‘ज्ञानदीप’कडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. आकाशानंदांचा हा लोकशिक्षणाचा कार्यक्रम. तो पाहणाऱ्यांनी ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे काढली आणि कार्यक्रमात सांगितलेल्या गोष्टी आपापल्या भागात करून पाहायला सुरुवात केली. पडद्यावरचा कार्यक्रम संपल्यावर प्रेक्षकांचे काम सुरू व्हावे, ही कल्पना सार्वजनिक दूरचित्रवाणीच्या मुळाशी असते. कागदावर ती सगळीकडे सापडते. प्रत्यक्षात ती उतरलेली फार कमी वेळा दिसते, आणि इथे ती दिसली.

याच काळात गुजरातेत दुसरा प्रयोग चालू होता. खेडा जिल्ह्यातल्या पीज या गावी ‘इस्रो’ने १९७५ मध्ये एक किलोवॉटचे छोटे प्रक्षेपण केंद्र उभे केले. गावागावांत सार्वजनिक संच ठेवले. कार्यक्रम स्थानिक बोलीत, स्थानिक लोकांना घेऊन केले आणि जातिभेद, मजुरांची पिळवणूक असे विषयही त्यात आणले. १९८४ मध्ये या प्रकल्पाला ‘युनेस्को’चा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मात्र असे केंद्र कोणत्याही जिल्ह्यात झाले नाही. १९७५-७६ मधल्या ‘साइट’ या उपग्रह प्रयोगाने सहा राज्यांतली सुमारे २४०० गावे जोडली, त्या सहांतही महाराष्ट्र नव्हता. मुंबई केंद्र असल्याने आपल्याला चित्रवाणी लवकर मिळाली, पण ती शहरी मिळाली, ही त्या यशाची दुसरी बाजू आहे.

१ जानेवारी १९७६ पासून जाहिराती सुरू झाल्या आणि १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. वर्ष आणीबाणीचे होते. वेगळे होणे म्हणजे स्वायत्त होणे नव्हते, मंत्रालय तेच राहिले. आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांना स्वतंत्र महामंडळे द्यावीत असे चंदा समितीने साठच्या दशकातच सुचवले होते. आणीबाणीनंतर वर्गीज समितीने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ या स्वायत्त न्यासाचा आराखडा मांडला. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० मध्ये आणि लागू झाला १९९७ मध्ये. एवढ्या वर्षांत जो कोणी सत्तेवर आला, त्याने विरोधात असताना मागितलेली स्वायत्तता सत्तेत असताना लांबणीवर टाकली.

मुंबई केंद्राच्या इतिहासातले खरे वळण मात्र १५ ऑगस्ट १९८२ चे. त्या दिवसापासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहाद्वारे सगळ्या केंद्रांवरून एकाच वेळी दिसू लागला. रंगही तेव्हाच आला आणि नोव्हेंबरातल्या आशियाई खेळांनी तो घरोघर नेला. रंगाचे कौतुक एवढे झाले की वेळेचा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. रात्रीची, घर एकत्र बसण्याची वेळ दिल्लीकडे गेली. मुंबईच्या निर्मात्यांना उरली ती त्याआधीची संध्याकाळ, जेव्हा निम्मे प्रेक्षक लोकलमध्ये लटकत असत.

मग १९८४ मध्ये काही महिने जवळपास रोज एक या वेगाने देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. विदर्भ-मराठवाड्यातल्या शहरांत टीव्ही आला तो असा. पण या केंद्रांना उपग्रहावरून मिळे ते दिल्लीचे प्रक्षेपण. मुंबईचे मराठी कार्यक्रम तिथे पोचवायची सोय नव्हती. मराठी मुलखात मराठी केंद्र असूनही हजारो घरांत पहिला टीव्ही लागला तो हिंदीत! राज्यभर मराठी कार्यक्रम एकत्र दाखवण्याची व्यवस्था ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात झाली, तोवर लोकांना सवय लागून गेली होती. पी. सी. जोशी यांच्या समितीने १९८४ च्या सुमारासच दूरदर्शनच्या दिल्लीकेंद्री दृष्टीवर बोट ठेवले होते. ते वाचले गेले, पाळले गेले नाही.

१९८५ मध्ये मुंबईला दुसरी वाहिनी मिळाली. शहरापुरती वाहिनी म्हणून तिच्याकडून आशा होती. १९९३ मध्ये चार महानगरांच्या या वाहिन्या एकत्र गुंफून ‘मेट्रो’ वाहिनी झाली आणि तीही अखिल भारतीय मनोरंजनाकडे वळली. शहराला दुसऱ्यांदा हातातला पडदा सोडावा लागला.

नव्वदच्या दशकात केबल आली, १९९२ च्या ऑक्टोबरात ‘झी’ आले. स्पर्धेला उत्तर म्हणून प्रादेशिक भाषांच्या उपग्रह वाहिन्या निघाल्या. मराठी वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ ची, तिला ‘सह्याद्री’ हे नाव २००० साली मिळाले. पाच वर्षे तिला खासगी मराठी प्रतिस्पर्धी नव्हता. प्रतीक्षा लोणकर यांची ‘दामिनी’ याच काळातली, आणि मराठीतल्या रोजच्या मालिकांची वाट तिने मोकळी केली. पण १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई-टीव्ही मराठी’ आल्यावर नट, लेखक, तंत्रज्ञ आणि जाहिरातदार झपाट्याने तिकडे गेले. प्रायोजक आणेल त्या मालिकेला वेळ विकण्याची दूरदर्शनची पद्धत तोवर पक्की झाली होती. त्यामुळे केंद्रात स्वतःचे असे निर्मितीचे बळच उरले नव्हते.

या इतिहासातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट ध्वनिचित्रफितींची आहे. सुरुवातीचे पुष्कळ कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, ते मुद्रित झालेच नाहीत. जे झाले, त्यांच्या फिती महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. कित्येक मोठ्या गायकांच्या मैफली, लेखकांच्या मुलाखती, नाटकांचे प्रयोग त्यात गेले. जे वाचले आहे त्याचे अंकीकरण होऊन काही भाग लोकांना पाहायला मिळू लागला, पण गेलेले परत येण्यासारखे नाही.

दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेमुळे ‘सह्याद्री’ आज मासिक शुल्क न भरताही दिसते. याचा उपयोग काय, ते २०२० मध्ये कळले. शाळा बंद होत्या, घरात इंटरनेट किंवा मोबाइल नसलेली मुले शिक्षणाबाहेर पडत होती. त्या जुलैत पहिली ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांवर आधारलेली ‘टिलीमिली’ ही मालिका ‘सह्याद्री’वरून सुरू झाली. पाठातले प्रयोग आणि खेळ घरातल्या वस्तूंनी, आईबाबांच्या मदतीने करून पाहायचे, अशी तिची रचना होती. बालशिक्षणाचे कार्यक्रम करणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ ही सरकारी संस्था त्याच्या तीनच वर्षे आधी, २०१७ मध्ये, बंद करण्यात आली होती.