सार्वजनिक संग्रहालयांचं काम: संग्रह, शिक्षण आणि लोकसहभाग

सार्वजनिक संग्रहालय म्हणजे लोकांच्या वतीने वस्तू जमवणारी, सांभाळणारी, त्यांचा अभ्यास करणारी आणि त्या लोकांसमोर मांडणारी कायमस्वरूपी संस्था, जी नफ्यासाठी चालत नाही. बोलताना सगळे म्युझियमच म्हणतात. बघायला गेलेल्याला यातला फक्त शेवटचा भाग दिसतो, म्हणजे काचेची कपाटं, खाली लावलेली लेबलं, एखादा गाईड आणि त्याच्यामागे शाळेच्या मुलांची रांग, पण बरंचसं काम पडद्यामागे चालतं. अभ्यासाच्या सोयीसाठी त्याचे संग्रह, शिक्षण आणि लोकसहभाग असे तीन भाग पाडतात. प्रत्यक्षात हे तिन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की एक ढिलं पडलं की बाकीची दोन्ही लंगडी होतात, आणि तिघांना बांधून ठेवते ती वस्तूबद्दलची माहिती: वस्तू कुठून आली, कुणाची होती, कशासाठी वापरायचे, इथे कशी पोचली. ही माहिती हरवली की मूर्ती सोन्याची असली तरी तिचं मोल वजनापुरतंच उरतं.

जगभरच्या संग्रहालयांची संघटना आहे आयकॉम, १९४६ साली स्थापन झालेली. संग्रहालय कशाला म्हणायचं यावर तिथे बरीच वर्षं वाद चालला, २०१९ मध्ये क्योटोच्या सभेत मतदान पुढे ढकलावं लागलं आणि शेवटी २४ ऑगस्ट २०२२ ला प्रागमध्ये नवी व्याख्या मंजूर झाली. जमवणं, जतन करणं, अभ्यास आणि प्रदर्शन ही जुनी कामं तिच्यात आहेतच, पण संग्रहालय सगळ्यांना खुलं आणि सर्वसमावेशक असावं, त्याचं काम समुदायांच्या सहभागाने चालावं, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. काहींना हा नुसता शब्दांचा खेळ वाटतो, मला तसं वाटत नाही, कारण कोणाला विचारून काम करायचं हे एकदा व्याख्येतच आलं की ते टाळणं अवघड जातं.

थोडा इतिहास

आधी संग्रह असायचे ते राजांचे, धर्मसंस्थांचे किंवा श्रीमंत हौशी लोकांचे, आणि बघायला मिळायचं ते ओळखीपाळखीवर. ऑक्सफर्डचं ॲशमोलियन १६८३ मध्ये लोकांसाठी उघडलं. हान्स स्लोन या डॉक्टरने जमवलेल्या सुमारे ७१,००० वस्तूंवरून १७५३ मध्ये संसदेच्या कायद्याने ब्रिटिश म्युझियम स्थापन झालं आणि १७५९ मध्ये ते खुलं झालं, तरी सुरुवातीला आत जायला आधी लेखी अर्ज करून तिकीट मिळवावं लागायचं. पॅरिसचं लूव्र १० ऑगस्ट १७९३ ला उघडलं, राजेशाही पडल्याला बरोबर वर्ष झालं होतं आणि राजाचा संग्रह आता जनतेचा आहे हेच त्यातून सांगायचं होतं. कोलकात्याचं इंडियन म्युझियम १८१४ चं, आशियातल्या सगळ्यात जुन्या संग्रहालयांपैकी एक. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने, १८५७ मध्ये गॅसचे दिवे लावून संध्याकाळी दालनं उघडी ठेवली, कारण दिवसभर राबणारा कामगार दुपारी येणार कसा. लोकसहभाग हा शब्द तेव्हा कुणी वापरत नव्हतं, पण वेळ कोणाच्या सोयीची ठेवायची हा प्रश्न आजही तोच आहे.

संग्रह: वस्तू येते तेव्हा

देणगी, खरेदी, उत्खनन, अभ्यासदौऱ्यात केलेली जमवाजमव, दुसऱ्या संस्थेकडून हस्तांतर, अशा वाटांनी वस्तू येतात. चांगल्या संग्रहालयाचं लेखी संग्रह धोरण असतं, आपण काय घेणार आणि काय नाही ते त्यात ठरलेलं असतं, आणि नाही म्हणणं हा या कामाचा फार मोठा भाग आहे, कारण घेतलेली प्रत्येक वस्तू पुढची शंभर वर्षं जागा, माणसं आणि पैसा मागत राहते. मालकीचे कागद तपासावे लागतात. चोरून किंवा बेकायदा देशाबाहेर नेलेल्या वस्तूंच्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा आहे, त्यामुळे १९७० च्या आधी वस्तू कुठे होती हे विचारायची पद्धत पडली आहे.

वस्तू घ्यायची ठरली की तिला नोंदणी क्रमांक मिळतो. समजा १९८७.१२.३ असा नंबर आहे, तर १९८७ साली आलेल्या बाराव्या लॉटमधली ही तिसरी वस्तू. नंबर टाकणं दिसतं सोपं, पण त्यातही शिस्त आहे: धातूच्या किंवा मातीच्या भांड्यावर थेट लिहीत नाहीत, आधी न दिसणाऱ्या जागी पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा छोटा पट्टा लावतात, तो वाळला की त्यावर बारीक शाईने नंबर लिहितात आणि वरून पुन्हा एक पातळ थर देतात, म्हणजे उद्या काढायचा झाला तर सगळंच्या सगळं निघून येतं आणि वस्तूला डागही राहत नाही. कापडावर नंबर लिहिलेली सुती पट्टी दोन-चार सैल टाके घालून शिवतात. कागदाच्या मागे मऊ पेन्सिलने हलक्या हाताने लिहितात, पेनला तिथे मनाई. जे केलं ते उलट फिरवता आलं पाहिजे, हे तत्त्व दुरुस्तीपासून नंबरापर्यंत सगळीकडे लागू होतं.

कॅनडाच्या संवर्धन संस्थेने वस्तू खराब होण्याची दहा कारणं मांडलीत आणि जगभर संग्रहालयातले लोक तीच वापरतात. आदळआपट, चोरी आणि नासधूस, आग, पाणी, कीड, प्रदूषण, प्रकाश, चुकीचं तापमान, चुकीची आर्द्रता ही नऊ कोणालाही पटतील. दहावं कारण म्हणजे वस्तू आणि तिची माहिती यांची ताटातूट. नंबर पुसला, रजिस्टर गहाळ झालं, जुना कर्मचारी निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर गेली, की वस्तू शाबूत असूनही संग्रह मोडतो. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने जाहीर केलं की सुमारे २,००० वस्तू गायब, चोरीला गेलेल्या किंवा खराब केलेल्या आढळल्या, आणि त्यातल्या अनेकांची नीट नोंदच झालेली नव्हती. ज्याची नोंद नाही ते गेलं हे कळणार कसं? म्हणून मला संग्रहाचा अभ्यास आणि मांडणी करणाऱ्या क्युरेटरइतकंच रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसाचं काम मोठं वाटतं, त्याचं नाव दालनात कुठेच लागत नसलं तरी.

बाकीची देखभाल रोजची आणि चिकाटीची. कापड, जलरंग, हस्तलिखितं यांच्यावर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश ठेवतात, त्यामुळे ती दालनं अंधारी वाटतात आणि लोक कुरकुर करतात, पण प्रकाशाचं नुकसान साठत जातं आणि उडालेला रंग परत येत नाही, म्हणून अशा वस्तू काही महिने मांडून मग अंधारात विश्रांतीला ठेवतात. आर्द्रता वरखाली झाली की लाकूड फुगतं-आकसतं, रंगाचे पापुद्रे सुटतात, दमट राहिलं की बुरशी. कसर आणि वाळवीसाठी पूर्वी जहाल विषारी औषधं वापरायचे, काही जुन्या नमुन्यांत आर्सेनिक आजही सापडतं. आता चिकट सापळे लावून किडे मोजतात, आणि कीड लागलेलं कापड प्लास्टिकमध्ये सीलबंद करून डीप फ्रीझरमध्ये ठेवतात.

जे दिसत नाही ते

ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि एका वेळी मांडलेल्या असतात त्या सुमारे ८०,००० म्हणजे एक टक्का. हे ऐकलं की लोकांना वाटतं बाकी सगळं धूळ खात पडलंय, पण त्यात हजारो दगड आणि खापरं आहेत जी अभ्यासकांसाठीच ठेवायची असतात. तरी स्टोअर बंद ठेवायची सवय आता मोडतेय. रॉटरडॅममध्ये २०२१ ला बोइमन्स म्युझियमचा डेपो उघडला, तिथे आख्खं साठवणघरच लोक फिरून बघतात, आणि लंडनमध्ये २०२५ ला उघडलेल्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाऊसमध्ये कोणीही आधी बुकिंग करून आपल्याला हवी ती वस्तू जवळून बघायला मागवू शकतो.

२ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळलं. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह होता, त्यातला बहुतेक गेला. लुझिया नावाने ओळखली जाणारी अकरा हजारांहून जास्त वर्षं जुनी कवटी होती, तिचे तुकडे नंतर राखेतून सापडले, पण आता कोणी बोलत नाही अशा आदिवासी भाषांचे ध्वनिमुद्रण जळाले ते कायमचेच. मग तिथल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केलं की कधी तिथे गेला असाल तर काढलेले फोटो आणि व्हिडिओ पाठवा, आणि हजारोंनी आले. अनेक वस्तू कशा दिसायच्या हे आता त्या साध्या माणसांच्या फोटोंवरून कळतं.

शिक्षण

गाईडने भराभरा सन-सनावळ्या सांगायच्या आणि मुलांनी वहीत उतरवायच्या ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे आणि तिने मुलांचं मन संग्रहालयातून उडतं. न्यू यॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी उलटा रस्ता धरला. एकाच चित्रासमोर मुलांना बसवायचं, आधी गप्प राहून बघू द्यायचं आणि मग तीनच प्रश्न विचारायचे: या चित्रात काय चाललंय, असं तुला कशावरून वाटतं, अजून काय काय दिसतंय? दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तिथे मूल उत्तर पाठ करत नाही, पुरावा शोधतं. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सुरू केलं, तिथे सगळं हाताळायचं आणि स्वतः करून बघायचं. बऱ्याच संग्रहालयांत खास हाताळायला म्हणून वेगळा संग्रह असतो, शाळेत पेटी पाठवायची किंवा बसमध्ये प्रदर्शन भरून गावोगावी न्यायचं असेही प्रकार चालतात.

शिक्षण फक्त मुलांचं नाही. मोमाने २००६ पासून स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी खास फेऱ्या सुरू केल्या. माद्रिदच्या प्रादोने २०१५ मध्ये निवडक चित्रांच्या उठावदार प्रतिकृती केल्या, दृष्टिहीन माणसाने बोटांनी वाचाव्यात म्हणून.

लेबलाबद्दल एवढंच की उभं राहून वाचणारा माणूस पन्नास-पंचाहत्तर शब्दांपुढे सहसा जात नाही, त्यामुळे नोंदीतली वीस पानांची माहिती तेवढ्यात बसवणं हे कसबाचं काम आहे.

लोकसहभाग

इथे प्रश्न असा येतो की कोणाची गोष्ट कोण सांगणार. केप टाउनचा डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिश्र वस्तीचा भाग १९६६ मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला, पुढच्या वर्षांत ६०,००० हून जास्त लोकांना हुसकावून लावलं आणि घरं जमीनदोस्त केली. १९९४ मध्ये एका जुन्या चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम उघडलं. जमिनीवर आख्ख्या वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरलाय आणि तिथले जुने रहिवासी येऊन आपलं घर कुठे होतं ते त्यावर हाताने लिहून गेलेत, वर रस्त्यांच्या नावाच्या जुन्या पाट्या टांगल्यात, आणि एका लांबच लांब कापडावर लोकांनी लिहिलेली नावं आणि आठवणी नंतर भरतकामाने पक्क्या केल्यात. इथे नोंदवही लोकांनीच लिहिली. लोकसहभाग म्हणून बऱ्याच ठिकाणी उद्घाटनाला बोलावून चहापाणी करतात, त्यात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या अनेक संग्रहालयं चालवणाऱ्या संस्थेने १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या अनाकोस्टिया वस्तीत एका जुन्या सिनेमागृहात छोटं म्युझियम काढलं. वस्तीतल्या लोकांना सगळ्यात जास्त त्रास होता उंदरांचा, म्हणून १९६९ मध्ये तिथे उंदरांवर प्रदर्शन भरलं, जिवंत उंदरांसकट. बर्लिनमध्ये २०१५ ला मुलताका प्रकल्पात सीरिया आणि इराकमधून आलेल्या निर्वासितांना गाईडचं प्रशिक्षण दिलं आणि ते आपल्याच देशांतून आलेल्या वस्तूंसमोर अरबीतून बोलू लागले.

आणि परत देणं. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या संस्थांना मूलनिवासी लोकांचे अवशेष आणि पवित्र वस्तूंची यादी करून त्या परत द्यायचं बंधन आलं. न्यूझीलंडचं ‘ते पापा’ हे राष्ट्रीय संग्रहालय तिथल्या मूळ रहिवासी माओरींच्या पूर्वजांचे अवशेष जगभरच्या संग्रहालयांतून परत आणतं. ब्रिटिश फौजांनी १८९७ मध्ये आजच्या नायजेरियातल्या बेनिनच्या राजवाड्यातून लुटलेल्या ब्राँझच्या मूर्तींची मालकी जर्मनीने २०२२ मध्ये नायजेरियाकडे द्यायचं मान्य केलं आणि पहिल्या काही वस्तू त्याच वर्षी परत गेल्या. परत दिलं तर दालनं रिकामी होतील अशी भीती घालतात, पण देण्याआधी दोन्हीकडचे लोक एकत्र बसून जी माहिती जुळवतात तिने उरलेल्या संग्रहाची समजही वाढते, हे विसरून चालणार नाही.

इंटरनेटमुळे सहभागाच्या वाटा वाढल्यात. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाखांवर फोटो कुणालाही, कशासाठीही मोफत वापरायला खुले केले. स्मिथसोनियनमध्ये २०१३ पासून स्वयंसेवक घरबसल्या जुन्या वह्या, पत्रं आणि नमुन्यांवरची हस्तलिखित लेबलं स्कॅनवरून वाचून टाइप करतात, दुसरा कोणी ते तपासतो, आणि तो मजकूर मग शोधता येईल असा संग्रहाच्या नोंदीत जातो.