नागपुरात दिवस राहिले की: नोंदणी, मातृवंदनाचा अर्ज आणि लागणारे कागद

चाचणी पॉझिटिव्ह आली की घरात आधी चर्चा होते ती बाळंतपण माहेरी की सासरी याची. नोंदणीचं मात्र राहून जातं, आणि पुढचं बरंचसं तिथेच अडतं. पहिल्या बारा आठवड्यांच्या आत महापालिकेच्या जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नाव नोंदवा. उपचार खासगी डॉक्टरांकडे चालू असले तरीही नोंदवा. तिथे माता बाल संरक्षण कार्ड मिळतं. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख आणि आरसीएच नंबर (सरकारी नोंदीतला आईचा क्रमांक) नीट लिहिलाय का, ते सिस्टरांसमोरच तपासून घ्या. गरोदर बायांना पैशांची मदत देणाऱ्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याच्या अर्जाची मुदत शेवटच्या पाळीच्या तारखेपासूनच मोजतात.

नोंदणीच्या वेळी वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, साखर, एचआयव्ही अशा तपासण्या होतात. विदर्भात आणखी एक तपासणी टाळू नये, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. आपल्याकडे हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे आणि वाहक असलेल्या, म्हणजे स्वतः आजारी नसून तो बाळाला देऊ शकणाऱ्या बाईला आयुष्यभर कसलाच त्रास नसू शकतो. ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही तपासणी करायची. इथे काही नवरे ‘मला काय झालंय’ म्हणून मागे सरतात, त्यांचं ऐकू नका. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. पोटातल्या बाळाची तपासणी करायची की नाही, पुढे काय करायचं, हे ठरवायला वेळ लागतो. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात गेलं तर तो वेळ हातात उरत नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची मोफत तपासणी डॉक्टरांकडून होते, ती तारीख धरून ठेवा.

आता पैशांचं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5000 रुपये मिळतात. नोंदणी झाली आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाली की 3000. जन्मनोंदणी झाली आणि बाळाच्या लसींचा पहिला टप्पा, म्हणजे साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस, पूर्ण झाला की 2000. दुसरं अपत्य मुलगी असेल तर 6000 रुपये एकरकमी मिळतात. बरीच कुटुंबं फसतात ती इथेच: ‘मुलगी झाली तर बघू’ म्हणून दुसऱ्या वेळी नोंदणीच करत नाहीत. त्या रकमेसाठीसुद्धा नोंदणी गरोदरपणातच झालेली असावी लागते. पहिल्या अपत्याचा अर्ज शेवटच्या पाळीपासून 570 दिवसांत आणि दुसऱ्या मुलीचा तिच्या जन्मापासून 270 दिवसांत करावा लागतो. गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं, तर पुढच्या गरोदरपणात ती बाई नवीन लाभार्थी धरली जाते. अशा दुःखात अर्जाचं कुणाला सुचत नाही, म्हणून हे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी लक्षात ठेवावं.

पात्रतेसाठी यातलं कुठलंही एक पुरतं: अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, पिवळं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड, ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, किसान सन्मान निधीचा लाभ, 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व, नाहीतर वार्षिक आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला. आशा आणि अंगणवाडी सेविका, मदतनीसही पात्र आहेत. केंद्र वा राज्य सरकारच्या, सार्वजनिक उपक्रमांच्या नियमित नोकरीत असणाऱ्यांना मात्र हा लाभ नाही.

सोबत आईचं आधार, माता बाल संरक्षण कार्ड, पासबुक आणि नंतर बाळाचा जन्मदाखला लागतो. अर्ज वस्तीतल्या आशाताईंकडे, अंगणवाडीत किंवा स्वतः ऑनलाइन भरता येतो. पैसे अडकतात ते बहुधा आधारमुळे. पासबुक कुठलंही जोडा, रक्कम जाते आधारला जोडलेल्या खात्यात. कधीकाळी सिमकार्ड घेताना दुकानदारानं उघडून दिलेलं खातं जोडलेलं असेल तर पैसे तिकडे जातात आणि इकडे ‘आलेच नाहीत’ म्हणून बोंब होते. अर्जाआधी बँकेत विचारून घ्या. आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, हा दुसरा घोळ. दोन्हीकडे एकच नाव असू द्या.

जन्मनोंदणी 21 दिवसांत व्हायला हवी. सरकारी दवाखान्यात प्रसूती झाली तर कागद तिथूनच पुढे जातात. आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग मात्र सुट्टी होण्याआधी वाचून घ्या, नंतरची दुरुस्ती डोकेदुखी असते.

डागा, मेयो किंवा मेडिकल या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत बाळंतपण असेल तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल काय, सिझर काय, औषधं, रक्त, जेवण, सगळं मोफत आहे. घरून न्यायला आणि परत सोडायला 102 ची गाडी. जननी सुरक्षा योजनेचे शहरी भागात 600 आणि ग्रामीण भागात 700 रुपये दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या बायांना वेगळे मिळतात.

मनाच्या त्रासासाठी कुठलाही अर्ज नाही, कुठली पात्रताही नाही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलं तरी आपली झोप लागत नसेल, जीव नकोसा होत असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. ‘बाळंतिणीनं रडू नये’ म्हणून ते बरं होत नाही, उपचारानं होतं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. मेडिकलची मानसोपचार ओपीडी आणि प्रादेशिक मनोरुग्णालय शहरातच आहे. बाळाला पाजत असताना घेता येतील अशी औषधं आहेत, म्हणून अंगावर पाजत असल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. बाई भ्रमिष्टासारखं बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली किंवा बाळाला इजा करण्याचं बोलली, तर तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका. सकाळच्या ओपीडीची वाट न पाहता 108 ला फोन करून तिला थेट मेडिकलच्या कॅज्युअल्टीत न्या.